पहिल्या रांगेतली आई

प्रताप नगरात चंपतराव सरांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास होता, पण पाटीवर नाव सरांचं असलं तरी मुलं यायची ती दीपमाला मॅडमच्या 'टेक'साठी.

टेक म्हणजे घेणे, हे सगळे शाळेतून घोकून आलेले असत. दीपमाला पहिल्याच दिवशी त्या घेण्याची हवा काढायची. 'आय टुक अ बस' म्हणजे काय गा, असं एखाद्याला उठवून विचारायची. बस घेतली, तो सांगायचा. "केवढ्याले पडली?" ती विचारायची, आणि वर्ग खदखदून हसायचा. मग ती फळा पुसायची आणि आपल्या आईला वर्गात आणायची.

आई म्हणजे जिजाबाई. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात जन्मभर आया होती. अक्षर वाचता येत नव्हतं, पण दिवसभर सिस्टरच्या तोंडून हा एकच शब्द ऐकायची आणि दर वेळी त्याचं काम वेगळं निघायचं. टेक हिम टू एक्सरे म्हटलं की पेशंटला न्यायचं. टेक ऑफ हिज शर्ट म्हटलं की सदरा काढायचा. टेक धिस टॅब्लेट म्हटलं की पाण्याचा गिलास पुढं करायचा. इट विल टेक टाइम कानावर पडलं की नातेवाइकांना बाहेरच्या बाकावर नेऊन बसवायचं, कारण आता वेळ लागणार. टेकच्या मागून काय येते ते ऐकावं, मग हात कुठं घालायचा ते समजते, असं जिजाबाई घरी सांगायची. दीपमालानं मुलांना शिकवलेलं व्याकरण ते एवढंच.

आणि सगळ्यात शेवटी खिशाची गोष्ट. लहान दीपमाला एकदा आईसोबत वॉर्डात गेली होती. मोठे डॉक्टर तिच्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, शी टेक्स आफ्टर यू. जिजाबाईला वाटलं, पोरीनं काहीतरी उचललं. तिनं भर वॉर्डात लेकीच्या फ्रॉकचे खिसे उलटे केले. खिशात चिंचोके निघाले. डॉक्टर म्हणत होते, पोरगी तुमच्याच वळणावर गेली. हे सिस्टरनं समजावलं तेव्हा ती माउली खाटेची चादर नीट करत रडली. हे सांगताना दीपमालाचा आवाज दर वेळी खाली जायचा. टेक आफ्टर मग कोणी विसरत नव्हतं.

दिवाळी झाली आणि चंपतरावांनी तिला बोलावून चहा पाजला. आता आमची सून गुंजन क्लास पाहील, तुम्ही आराम करा, म्हणाले. दीपमालानं तो चहाही गिळला आणि ते बोलणंही. सक्करदऱ्याच्या घरी येऊन बसली.

थंडी सरता सरता एका जुन्या विद्यार्थिनीनं फोनवर व्हिडिओ पाठवला. कोसा सिल्कच्या कुर्त्यात गुंजन फळ्यापुढं उभी होती आणि सांगत होती, माझी आई दवाखान्यात आया होती. एक्सरे, सदरा, गोळी, बाक, सगळं तसंच. खिसेसुद्धा. चिंचोकेसुद्धा. आवाज जिथं खाली जायचा तिथं तिनं तो खाली नेला होता. व्हिडिओखाली कमेंटमध्ये लोकांनी हात जोडले होते, धन्य ती माता म्हणून.

नोकरी गेल्याचं दीपमालाला एवढं लागलं नव्हतं. पण आई एकदा गेली होतीच. आता ती उचलून दुसऱ्याच्या घरी नेली होती.

तिनं चंपतरावांना फोन लावला. ते म्हणाले, इंग्लिश काय तुमच्या बापाची इस्टेट आहे, मॅडम?

"इंग्लिश ठेवा तुमच्याजवळ, सर. माही आई वापस द्या."

ते हसले आणि फोन ठेवला. हे हसणं दीपमालानं जपून ठेवलं. भाजी चिरताना ते तिच्या कानात वाजायचं आणि विळीवर हात जोरात चालायचा.

एक दिवस तिनं मुगाचे लाडू केले, डब्यात भरले आणि रामदासपेठेत इंदुताईंच्या दारात उभी राहिली. इंदुताई म्हणजे गुंजनची आई. मोठ्या कापड दुकानाची मालकीण, गुंजनच्या लग्नात दीपमालानं पाहिलेली. पाण्याचा गिलासही स्वतः उचलायची नाही. दीपमालानं तोंडभरून लेकीचं कौतुक केलं. इंदुताई खूश झाल्या, पण थोड्या रुसल्याही. फोनवर काहीतरी शिकवून राहिली म्हणतात, पण मले काही पाठवत नाही, म्हणाल्या. दीपमालाला पाहिजे होतं तेवढं मिळालं.

"मग येत्या रविवारी डेमो आहे ना, ताई. लेकीले सांगू नका. पहिल्या रांगेत जाऊन बसा. पोरगी पाहतच राहीन."

डेमो म्हणजे बॅच सुरू होण्याआधीचा फुकटचा तास. आईबाप खुर्च्यांवर बसतात, मुलं सतरंजीवर, आणि शिकवणारा पसंत पडला तरच नाव लिहितात. चंपतरावांनी त्यासाठी हॉल घेतला होता. दीपमाला ओढणी डोक्यावरून घेऊन शेवटच्या रांगेत बसली. इंदुताई भरजरी साडीत पहिल्या रांगेत.

गुंजन माईक घेऊन आली, हसली, आणि आईला पाहून तिचं हसणं तिथंच राहिलं. तिला धडा तो एकच येत होता. तिनं वाट बदलून पाहिली. एका दवाखान्यात एक बाई आया होती, असं सुरू केलं. तर सतरंजीवरची एक मुलगी भाबडेपणानं म्हणाली, "मॅडम, व्हिडिओत तर तुमची आई होती ना?"

सगळा हॉल गुंजनकडे पाहू लागला. चंपतरावांनी बाजूनं मान हलवली, बोल बोल म्हणून.

"हो," गुंजन म्हणाली. "माझी आई."

इंदुताई उठल्या. त्यांचा आवाज माईकशिवाय मागपर्यंत आला. "कोणत्या दवाखान्यात गेली होती वं मी घाण काढाले?"

चंपतराव धावले. नुसतं उदाहरण आहे, ताई, म्हणाले. मग ती मुलगी खिशांचंही बोलून गेली, आणि इंदुताईंनी विचारलं की लेकीला चोर समजून मी तिचे खिसे कधी तपासले. एका बापानं शांतपणे विचारलं, मग ही आई आहे कोणाची? गुंजन फळ्याकडे वळली आणि तिनं लिहिलं, टेक म्हणजे घेणे. खुर्च्या सरकायला लागल्या.

दीपमाला उठली. दारात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ताटातला पेढा तिनं उचलला, खाल्ला, आणि बोटं चाटत जिना उतरली. सक्करदऱ्यापर्यंत त्याची चव जिभेवर होती.

आठवडाभरात चंपतराव सुनेला घेऊन तिच्या दारात आले. बॅचमध्ये एकही नाव आलं नव्हतं. वापस या मॅडम, म्हणाले, पगार वाढवतो, व्हिडिओ आजच काढून टाकतो.

"काढू नका," दीपमाला म्हणाली. "लोकायनं त्याले हात जोडले आहेत. त्याच फळ्यापुढं हिले उभी करा आणि सांगू द्या का ते माही आई नव्हती, ते जिजाबाई होती, दीपमालाची माय. दोन्ही व्हिडिओ राहू द्या. नोकरी मले नाही पाहिजे. माह्या अंगणात सोमवारपासून बॅच चालू होऊन राहिली."

चंपतराव म्हणाले, इंदुताई आपल्या लेकीला जिवंत ठेवणार नाहीत. दीपमाला म्हणाली की तो त्यांच्या घरचा प्रश्न. ते स्कूटरकडे गेले. त्यांना किक मारताना पाहून तिला ते हसणं आठवलं, आणि पहिल्यांदा ते कानात वाजलं नाही.

गुंजन मात्र फाटकाशीच उभी राहिली. डोळे सुजलेले होते. व्हिडिओ करतो मी, म्हणाली, कोणी नको म्हटलं तरी करतो. पण मग मी वर्गात काय शिकवू?

"तुह्या आईचं शिकव. ते दिवसभर काय काय करते ते पाहून ये."

गुंजननं बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. "आई काहीच करत नाही, ताई. सगळ्याले बाई आहे."

"मग त्या बाईचं नाव काय वं?"

गुंजन नाव आठवत राहिली. तिकडे स्कूटरचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला. दीपमालानं फाटक ओढून कडी घातली आणि अंगणात फळा ठोकायला खिळे शोधू लागली.