दुकानाच्या नावाची बॅट

कुवेतच्या शुक्रवारच्या बाजारातून मी बेसबॉलची जुनी बॅट घेऊन मंगफ भागातल्या आमच्या फ्लॅटवर आलो, तेव्हा बायको म्हणाली, "धोपाटणं आणलंत? अहो, आपल्याकडे वॉशिंग मशीन आहे."

मी तिला इतिहास सांगितला. अमेरिकेतली साबणापासून सोफ्यापर्यंत सगळं विकणारी मोठी दुकानं पूर्वी स्वतःच्या नावाच्या बॅटी विकत. घडवत कारखाने, छाप मात्र दुकानाची. माझ्या बॅटीवरही अशाच एका दुकानाचं नाव होतं. हे सगळं ज्ञान मला जुन्या मासिकांतून मिळालं होतं. बेसबॉलचा सामना मी कधी पाहिला नव्हता. बोलताना त्याने काही अडत नसे. पुढे आमच्याकडे जेवायला आलेल्या प्रत्येक मराठी इंजिनियरने आमटी गार होईपर्यंत हे ऐकलं.

एकदा मीना अब्दुल्ला नावाच्या गावातल्या आमच्या रिफायनरीत चहा पिताना मी बॅटीवरच्या दुकानाचं नाव घेतलं. आमच्या अमेरिकन साहेबांनी कप खाली ठेवला. "माझे वडील तिथे खेळाच्या सामानाच्या काउंटरवर होते. दुकान पाडलं, वडीलही गेले. त्या नावाचं आमच्याकडे काही उरलं नाही. बघायला मिळेल?"

"शुक्रवारी जेवायलाच या, सर."

साहेबांपुढे मळकी बॅट कशी ठेवायची? शाळेपासून बॅटीची एकच सेवा मला ठाऊक: पॉलिश पेपर मारायचा, जवसाचं तेल चोळायचं, आडवी ठेवून तेल मुरू द्यायचं. तेच केलं. लाकूड लख्ख उजळलं आणि नाव गेलं. ते कोरलेलं नव्हतं, वरवर छापलेलं होतं. 'छाप टिकत नाही, म्हणून नाव शाबूत असलेली बॅट दुर्मीळ' हे वाक्य माझ्याच व्याख्यानातलं.

शुक्रवारी साहेब आले. कोऱ्या लाकडावर बोट ठेवून मी व्याख्यान सुरू केलं. ते वाकून बघत राहिले.

"अहो, खरं सांगून टाका," बायको मराठीत म्हणाली. "बिचारे चष्मा पुसताहेत. त्यांना वाटतंय, डोळेच गेले."

मी सांगितलं. साहेबांनी बॅट हुंगली.

"तेल! क्रिकेटवाले लेकाचे," ते इंग्रजीत अशाच अर्थाचं काहीतरी म्हणाले. मग खिशातलं बॉलपेन काढून, आठवत आठवत, त्यांनी त्या जागी दुकानाचं नाव लिहिलं. शेवटच्या अक्षराची शेपटी सगळ्या नावाखालून मागे नेली. "वडिलांच्या कोटावरच्या बिल्ल्यावर असंच होतं."

नंतर बराच वेळ त्यांनी बॅट हातातून खाली ठेवली नाही. ते निघाले तेव्हा मी म्हणालो, "न्या ती, सर." आपल्याकडे अशा वेळी चारदा 'नको नको' म्हणतात, हे त्यांना कुणी शिकवलं नसावं. ते बॅट काखेत मारून लिफ्टकडे चालू लागले.

व्याख्यान मात्र माझ्याकडे राहिलं. पुढे ते मी रिकाम्या हातांनी देत असे. आमटी तितकीच गार व्हायची.