आतोबांचा दिवाण

सज्जन माणसाला कादंबरीतही सज्जनच आवडला पाहिजे असा कायदा असता, तर श्रीवर्धनात पहिली शिक्षा आमच्या आतोबांना झाली असती. आत्याचे हे यजमान स्वभावाने इतके गरीब, की शेजाऱ्याने कुंपण हातभर आत सरकवलं तर म्हणायचे, "असू दे हो, त्यालाही आपली बाग मोठी दिसावीशी वाटत असेल." स्वैपाकघरात विंचू निघाला तर त्याला चिमट्यात धरून परसाच्या दगडी गडग्यापलीकडे सोडायचे आणि वर "सांभाळून जा रे" म्हणायचे. आणि हाच माणूस कादंबरीतल्या कपटी, पाताळयंत्री, विष घालणाऱ्या माणसांवर जीव टाकायचा.

थंडीत वाळलेली सुपारी सोलायला आळीतली मंडळी आत्याच्या पडवीत जमत. हात कामात असताना कान रिकामे राहू नयेत म्हणून कोणीतरी मोठ्याने वाचायचं, अशी रीत होती. मुंबईहून आगबोटीने एक मासिक यायचं. त्यात त्या वर्षी एका राजपुत्राची आणि त्याचं राज्य गिळायला टपलेल्या दिवाणाची कादंबरी चालू होती. वाचायचा मान आतोबांचा. राजपुत्राची भाषणं ते कशीबशी उरकायचे, पण दिवाण आला की मांडी बदलायचे, तोंडातलं पान थुंकून यायचे, आवाज खाली उतरवायचे, आणि दिवाण सख्ख्या भावाच्या दुधात विष कालवत असताना मध्येच थांबून म्हणायचे, "काय डोकं आहे लेकाचं!"

एके दिवशी आमच्या निवृत्त गुरुजींना हे असह्य झालं. "अहो, घरात लेकीबाळी आहेत! असला माणूस आवडतो म्हणायला लाज कशी वाटत नाही? उद्या तुमच्या घरचा चहा प्यावा की नाही आम्ही?"

पडवीभर हशा पिकला. आतोबा कानापर्यंत लाल झाले, पण हटले नाहीत. "गुरुजी, त्याला मी जावई करून घेत नाहीये. मिरची आवडते म्हणून कोणी ती डोळ्यांत घालतं का?"

पण मंडळी गुरुजींच्या बाजूची. वाचन गुरुजींकडे गेलं आणि आतोबा कोपऱ्यात बसून मुकाट्याने सुपारी सोलू लागले. त्या साध्या माणसाचा हक्काचा असा तेवढाच एक आनंद होता, तो गेला.

गुरुजींनी संस्कार जपण्यासाठी दिवाणाची पानंच्या पानं गाळली. मग राजपुत्र नुसताच देवळात जायचा, आईच्या पाया पडायचा आणि घोड्यावर बसायचा. ऐकणारे पेंगू लागले. शेवटी आत्याच म्हणाली, "गुरुजी, दिवाणाला काढून टाकलंत, तर त्या पोराने दिवसभर करायचं तरी काय?"

शेवटच्या अंकात मात्र गाळायची सोयच नव्हती, कारण दिवाण मरायला टेकला होता. गुरुजींनी दोन ओळी वाचल्या, थांबले, चष्मा पुसला आणि मासिक आतोबांपुढे धरलं. "घ्या, तुम्हीच वाचा. इतक्या दिवसांची तुमची ओळख. परक्याच्या तोंडून नको जायला तो."

आतोबांनी वाचलं. दिवाण काही शेवटपर्यंत सुधारला नाही, माफीही मागितली नाही कोणाची. वाचून झाल्यावर आतोबा उठले आणि दूरच्या नातलगाच्या मरणाची बातमी आल्यावर करतात तसं विहिरीवर जाऊन त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. एरवी पडवी हसून लोळली असती. त्या दिवशी कोणी हसलं नाही. आत्या कोरडं धोतर घेऊन गेली. थोड्या वेळाने गुरुजींनीही टोपी काढून ठेवली आणि विहिरीची वाट धरली.

आतोबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. नायकावर प्रेम करणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. पण पुस्तकात एखादा पक्का बदमाश मरतो आणि सगळे सुटल्यासारखे होतात, तेव्हा त्याच्यासाठी मनापासून हळहळणारं माणूस माझ्या शेजारी नसतं, आणि मला फार चुकल्या-चुकल्यासारखं होतं.