घड्याळ काढून आत ये

घाबरण्याच्या कामात माझ्या मोठ्या आईचा हात धरणारं माणूस अख्ख्या तिरोडा तालुक्यात सापडायचं नाही. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका गेल्यापासून एकटीच राहते. विजा, पाली, न भुंकणारी कुत्री, अजून न आलेला उन्हाळा, सगळ्यांना ती मनापासून घाबरते. पण तिच्या घाबरण्यात आळस नाही. ज्याची भीती वाटते त्याची ती आधी पक्की माहिती काढते आणि मग आणखी घाबरते.

गॅस चालूच राहून गेला असं दोनदा झालं, तेव्हा नागपूरला असलेल्या तिच्या मुलानं, आमच्या दादानं, सिलिंडर परत केलं आणि मायक्रोवेव्ह आणून ठेवला. वर बजावलं, "आई, आता यातही काही गडबड झाली तर घराले कुलूप लावू अन् तू नागपूरले." त्यात मशीन बसवायला गोंदियाहून आलेला माणूस जाताजाता म्हणाला, "अम्मा, इसमें स्टील मत रखना, चिंगारी निकलेगी." झालं! स्टीलचे पेले, डाव, झारे, भाताचा जर्मनचा गंज म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं, सगळं तिनं स्वयंपाकघरातून उचलून पलंगाखाली सरकवलं. तिच्याकडे पाणी प्यायचं तर आधी पलंगाखाली वाकावं लागतं. देवळात जाताना लोक चप्पल काढतात, तिच्या स्वयंपाकघरात जाताना धातू काढावा लागतो. मी रविवारी गोंदियाहून गेलो की दारातच हुकूम सुटतो, "घड्याळ काढ, पट्टा काढ, मंग आत ये."

"पट्टा कायले, मोठी आई?"

"त्याले बक्कल हाये ना? काऊन इषाची परीक्षा पाहून राहिला?"

काचेच्या भांड्यालाही सहजासहजी प्रवेश नाही. रिकामं भांडं आणि शेजारी पाण्यानं भरलेला कप ठेवून ती मिनिटभर मशीन फिरवते. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं तर पास. भांडंच तापलं तर त्याची रवानगी पलंगाखाली. पाहुण्यांचे सोनेरी काठाचे कप तर तिनं परीक्षेलाही बसू दिले नाहीत. "सोनं बी धातूच हाये, बाप्पा." झाकण कधी घट्ट लावायचं नाही, वाफेला वाट ठेवायची. आणि मशीन सुरू झालं की मला अंगणात पिटाळायचं. स्वतः मात्र ती बटणाजवळ उभी, जीव मुठीत धरून, वरणभात गरम होईपर्यंत.

मागच्या हिवाळ्यात मी बाजारातून शिंगाडे घेऊन गेलो. ती आंघोळीला गेली होती. म्हटलं, तेवढ्यात गरम करून ठेवू. भांडं काचेचं, झाकण सैल, सगळं तिच्या शिस्तीत. फक्त सालीला आधी चीर द्यावी लागते, हे काही मला सुचलं नाही. थोड्याच वेळात आत असा धडाका झाला की मी भिंतीलाच चिकटलो. मग दुसरा, मग तिसरा. मोठी आई ओल्या केसांनी धावत आली. मला वाटलं, ही आता अंगणात पळणार. ती सरळ मशीनकडे गेली, दार न उघडता बटण बंद केलं आणि माझ्या नि मशीनच्या मधे उभी राहिली.

"तुले लागलं का रे?"

मला काही झालं नव्हतं. काचेतून आत शिंगाड्यांचा चिखल दिसत होता. मी म्हणालो, "दादाला सांगायची काही गरज नाही."

"लपवलं तर मी भिऊनच मरीन," ती म्हणाली, आणि स्वतःच फोन लावला. "मशीनमंदी शिंगाडे फुटले." मग ती नुसतीच ऐकत राहिली, पदराचा बोळा मुठीत धरून. "हो, मीच बंद केलं. दार नाही उघडलं." पुन्हा ऐकणं. शेवटी फोन ठेवून ती खाली बसली. "दादा म्हन्ते, राहा तिथंच," एवढं बोलली आणि रडू लागली.

विजेला, पालीला घाबरून ती आरडाओरडा करते, रडत नाही. हे घर सुटेल या धास्तीत ती इतके दिवस एकटी कशी राहिली असेल, या विचारानं मला गलबलून आलं. फडका ओला करून मी मशीन आतून पुसायला लागलो.

"हळू पूस," ती रडतारडता म्हणाली, "अजून गरम असन."