शिडाच्या बोटीतल्या दोन टाक्या

"ताई, आबा गेले. जेवून निघ, घाई करू नको."

दौंडहून मामेभावाचा, सुरेशचा फोन आला तेव्हा मी शिरूरला ऑफिसात होते. बाप गेल्याचं सांगताना त्याचा आवाज टेम्पोला उशीर होईल असं सांगावं इतका कोरडा होता आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. न्हावरा-चौफुला रस्त्यानं जाताना एसटीत मीही रडले नाही. किसनमामांना जाऊन आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असं म्हणतात... मला जे आठवतं ते मी लिहिते.

मामांचं दौंडला वर्कशॉप. प्लास्टिकच्या जाड शीट गरम हवेच्या गननं जोडून ते कारखान्यांसाठी अ‍ॅसिडच्या टाक्या बनवत. हात असा, की सांधा कुठं आहे ते बोटानं चाचपून शोधावं लागे. जीभ मात्र करवतीसारखी. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, याचा मला आजही अभिमान आहे. निकालाचे पेढे घेऊन गेले तर एक पेढा तोंडात टाकून मामा म्हणाले, "पेढा चांगलाय. डिग्रीचं बघू." मी हसले. मी पाहुणी होते, संध्याकाळी आपल्या घरी जाणार होते. सुरेशला जायला दुसरं घर नव्हतं. मिसरूड फुटल्यापासून तो बापाच्या हाताखाली राबला आणि त्याला हवं होतं ते एकच. एकदा चार माणसांत आबांनी म्हणावं, काम चांगलं झालं. बाकी त्यानं काही मागितलेलं मला तरी आठवत नाही.

भीमेच्या बॅकवॉटरला एका निवृत्त साहेबांनी आणि त्यांच्या बायकोनं शिडाची बोट आणली होती. आत झोपायला फळ्या, छोटा ओटा, एक संडास. त्या संडासाचं सगळं थेट पाण्यात जायचं. काठच्या गावानं साहेबांना बजावलं, मैल्याची टाकी बसवा, नाहीतर बोट उचला. "वरनं अख्ख्या शहराचं वाहत येतंय ते चालतं, आन् ह्या नवराबायकोचं अडलं व्हय!" असं म्हणून मामांनी काम घेतलं. इंग्रजी माहितीपुस्तक वाचायला मला बोलावलं. मैला टाकीत साठवायचा, टाकीतली हवा जायला एक नळी वर काढायची आणि बोट काठाला लागली की मैल्याच्या टँकरनं उपसून न्यायचं... मी सांगत गेले. "पुस्तकाला वास येतोय का गं?" एवढाच मामांचा प्रश्न.

टाकीची जागा बोटीच्या नाकाडात, झोपायच्या फळीखाली. मामांनी मापं घेतली, एकसंध टाकी बनवली, टेम्पोतून काठावर नेली. जागेत ती चपखल बसली असती, पण बोटीच्या दारातून आतच जाईना. सारा जन्म उघड्या शेडमध्ये टाक्या बसवलेला माणूस... दार मोजायचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. टाकी उभी करून झाली, आडवी करून झाली, तिरकी करून झाली. मासे धरणारे चार जण बघत उभे होते. त्यातला एक म्हणाला, "किसनआबा, टाकी ऱ्हाऊ द्या, बोटच टाकीत घाला!" सगळे हसले. सुरेशही हसला. मामांनी त्याच्याकडे पाहिलेलं मी पाहिलं.

मग सुरेशनं पुठ्ठ्याचे साचे कापले. दारातून जातील अशा दोन लहान, निमुळत्या टाक्या, मध्ये नळीनं जोडलेल्या. मामांनी गनला हातसुद्धा लावला नाही. टाक्या आत गेल्या, बसल्या, पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी टाक्यांखाली हात फिरवून बघितला तर जरासुद्धा ओल लागत नव्हती. साहेब सांध्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "किसनराव, पोरगा तुमच्या पुढं गेला की हो."

मामांनी टाक्यांतलं पाणी काढायला लावलं. मग ड्रिल मागितलं. आम्हाला वाटलं, फळी अडकवायला भोक पाडायचं असेल. ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी सुरेशच्या दोन टाक्यांतल्या मोठीच्या पोटात आरपार भोक पाडलं.

"आबा!" सुरेश ओरडला.

मामांनी ड्रिल त्याच्या हातात दिलं. "आता ठिगळ मार. ठिगळ तरी जमतंय का बघू."

सुरेशनं ठिगळ मारलं. ते अजून टिकून आहे. पण त्यानंतर मामा जिथं जातील तिथं सांगू लागले, "बोटीच्या टाक्या पोरानं केल्या खऱ्या, पण ठिगळ मारावं लागलं." लग्नाच्या पंगतीत सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, सुरेशच्या सासऱ्यांसमोर सुरेशच्या ताटात भाजी वाढली जात असताना सांगितलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मी एकदा म्हणाले, "मामा, भोक कुणी पाडलं तेही सांगा की." त्यांनी माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. "तू शिकलेली हायेस, तू सांग. बघू कोण ऐकतंय." मी सांगितलंही. लोकांना वाटलं, भावाची बाजू घेते.

दशक्रियेला भीमेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मग रीतीप्रमाणे जो तो मामांची राहिलेली इच्छा शोधू लागला. "वर्कशॉप बंद पडू देणार न्हाई म्हण," मामी म्हणाल्या. सुरेशनं म्हटलं. "आईला अंतर देणार न्हाई म्हण." तेही म्हटलं. कावळे समोरच्या बाभळीवरून हलेनात. ऊन चढलं, लोकांना भुका लागल्या. शेवटी मामांचे एक म्हातारे चुलते काठी टेकत पुढं आले. "आरं, त्या बोटीच्या टाकीचं किसनच्या मनाला लई लागलं हुतं. चुकलं म्हण बापाला, म्हंजी सुटंल त्यो."

सुरेश मुंडण केलेल्या डोक्यानं पिंडापुढं गेला. हात जोडले.

"आबा," तो म्हणाला, "टाकी चांगली झाली हुती."

तरी कावळा आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं चपला शोधू लागली.

परवा दौंडला गेले होते. वर्कशॉप चालू आहे. मुन्ना नावाचा बिहारचा कामगार आहे, वयानं सुरेशएवढाच. त्यानं पहिल्यांदाच एक पुरी टाकी एकट्यानं केली होती. "सुरेशभाई, एक बार देख लो ना," म्हणत तो हात पुसत आला. सुरेश उठला. टाकीभोवती फिरला, कोपरे दाबून पाहिले, वाकून तळ पाहिला, पुन्हा एकदा फिरला. या कामातलं मला जेवढं कळतं तेवढ्यावरून सांगते, नाव ठेवायला जागा नव्हती. मुन्ना वाट बघत होता... मीही बघत होते.

"उधर रख," सुरेश म्हणाला आणि चहा सांगायला बाहेर गेला.

मुन्नानं फडकं घेतलं आणि स्वच्छ टाकी पुन्हा पुसायला लागला.