आईने रंगवलेले राक्षसाचे डोळे

माझा राक्षस तुकड्यातुकड्यांनी आला. देवासच्या आमच्या घरी कुरिअरचा डबा उघडला, तर आत पाय, नांग्या, शेपटी, जबडा असं रेझिनचं सगळं सुटं सामान. आई म्हणाली, "हे काय गं, टूटा-फूटा माल पाठवला त्यांनी?" चाळिशीला आलेली, औषधांच्या कारखान्यात नोकरी करणारी आपली मुलगी टेबलावर परग्रहावरच्या लढाया खेळते, हे तिच्या एव्हाना अंगवळणी पडलं होतं. धारला आमची चौघांची टोळी आहे. रविवारी जमायचं, बोटभर उंचीच्या फौजा मांडायच्या आणि फासे टाकून एकमेकांची वाट लावायची. या वीतभर राक्षसाच्या जोरावर मी बाकी तिघांना रडवणार होते.

रेझिनला साच्यातलं तेल लागलेलं असतं. ते निघालं नाही तर रंग धरत नाही. म्हणून मी कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने एकेक नांगी घासत बसले. "अभ्यंगस्नान चाललंय का त्याचं?" आईने विचारलं. शेपटी वाकडी आली होती, ती गरम पाण्यात मऊ करून सरळ केली. सांधे जोडता जोडता माझं बोटच राक्षसाच्या मांडीला चिकटलं. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. एरवी मी भडकले असते. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच अशी हसत होती.

ऑपरेशन चांगलं झालं होतं, डॉक्टर खूश होते. आईच नव्हती. आमच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे दर वर्षी तीच रंगवायची, लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून. यंदा श्रावणातच तिने जाहीर केलं, "बाजारातून रंगवलेले घेऊन ये. जिद नको करू." मी भांडले. आवाज चढवला. तेव्हा ती हळूच म्हणाली, "चुकलं तर मलाच दिसणार नाही गं. आणि तुम्ही कोणी सांगणार नाही."

मी खरंच सांगितलं नसतं. माझ्या पोळीपासून अक्षरापर्यंत प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी ही बाई स्वतःच्या नजरेला भ्यायली होती, आणि ते पाहून मला फार भीती वाटली.

राक्षसाला जांभळट हिरवा रंग दिला, खाचांमध्ये काळपट पातळ रंग सोडला, उंचवट्यांवरून कोरडा ब्रश फिरवला. डोळे तेवढे मुद्दाम बाकी ठेवले. चांगले नऊ होते, तुरीच्या दाण्याएवढे. "हे तू कर," मी आईला म्हटलं. "बिघडला तर बिघडला. याला काही नैवेद्य दाखवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी मी चहा करायला उठले, तर ती आंघोळ करून खिडकीशी बसलेली आणि समोर पाटावर राक्षस, पूर्वेकडे तोंड करून. आमच्याकडे डोळे रंगवताना बोलायचं नसतं, शेवटचं बुबुळ होईपर्यंत. महालक्ष्म्यांचा नियम तिने राक्षसालाही लावला होता! दूधवाला हाका मारून गेला, मावशीचा फोन वाजून वाजून थांबला, आई हूं की चूं नाही.

आणि तिच्या हाताला डोळे ठाऊक होते ते एकाच तऱ्हेचे. लांब, कानाकडे गेलेले, कोपऱ्यात लाली, वर काजळाची रेघ, नजर किंचित खाली, समोर बसलेल्या माणसाकडे. तसे नऊ. एवढा जबडा फाडून उभा असलेला तो प्राणी आमच्याकडे अत्यंत मायेने पाहत होता.

धारला त्याला टेबलावर ठेवलं आणि सगळे वाकून बघायला लागले. "अरे भिया," त्यातला एक म्हणाला, "ये मारने आया है कि आशीर्वाद देने?" माझा राक्षस लवकरच मेला. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. या हातातून त्या हातात तो फिरला, त्याचे फोटो निघाले, सगळ्यांनी डोळ्यांची तारीफ केली.

घरी आल्यावर आईला तसं सांगितलं. "अगदी बिनचूक आहेत म्हणाले सगळे."

तिने राक्षस हातात घेतला, खिडकीशी गेली. जवळ धरला, लांब धरला, तिरका करून पाहिला.

"हा डावीकडचा, खालचा. याचं बुबुळ सरकलंय."

मला दिसेना. शेवटी भिंग आणलं. सरकलं होतं, केसभर.

"तिथे कोणाच्याच लक्षात नाही आलं?"

"नाही."

"तुझ्याही?"

"नाही गं."

"मला दिसलं," आई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता पुन्हा एकदा, "मला दिसलं." मी डोळे पुसत जवळ गेले, तर तिने मला कोपराने बाजूला सारलं. "रडतेस काय? जा, मुखवटे काढ खाली."