उजवी बाजू

"इथे आहे."

"नाही."

"अरे, हात लाव ना! लांबून काय नाही म्हणतोस? हँडलच्या खाली, चार बोटांवर."

"लावला. दहादा लावला. सपाट आहे."

"सपाट? बशीएवढा खड्डा आहे, उजव्या!"

"खड्डा तुझ्या हातात आहे. सकाळपासून भट्टीतली गरम क्ले उचलतोयस. बधिर झाला असेल हात."

डाव्याने आपला तळवा डोळ्यांसमोर धरला, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा मागच्या दारावर टेकवला. डोळे मिटले. हात हँडलपासून चाकाच्या कमानीकडे हळूहळू सरकत गेला, एका जागी थबकला, मागे आला, पुन्हा गेला.

"आहे," तो म्हणाला. "फार नाही. चार कागद एकावर एक ठेवले तर होईल एवढा. पण आहे."

"तुझं ना, कळलंय मला."

"काय कळलंय?"

"तुझी बाजू घेतली नाही यंदा. म्हणून माझ्या बाजूत खड्डे शोधत बसलायस."

डाव्याने दारावरचा हात काढला, पँटला पुसला. टेबलावर तपासणीचा कागद होता. त्यावर त्याने सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि पेन उजव्याच्या खिशात खोचून दिलं.

"घे. नाही खड्डा."

दोघं बावन्न वर्षांचे. हॉलमध्ये दोघांच्या मधे उभी होती ती खऱ्या मापाची, पण चाकं, इंजिन, काचा काहीच नसलेली, नखशिखांत तपकिरी क्लेची, म्हणजे मेण मिसळलेल्या मातीची, नमुना गाडी. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कोणीतरी चॉकलेटची गाडी करून ठेवलीय. कंपनीतली सगळ्यात महाग गाडी ती. मोठ्या हुद्द्याच्या माणसांनी मागच्या सीटवर बसून फाइली चाळत जायची गाडी. हॉलमध्ये तिला नुसतं 'मोठी' म्हणत. बाकी गाड्या धाकट्या.

या मोठीच्या चार पिढ्या या दोघांच्या हातांखालून गेल्या होत्या.

उजव्या इथे आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याआधी तो घरांच्या छतांना प्लास्टरची फुलं-पानं करून द्यायचा. डाव्या आला ओतकामाच्या कारखान्यातून, तिथे तो लाकडी साचे घडवायचा. पहिल्याच दिवशी एकाला गाडीच्या उजव्या बाजूला उभं केलं, दुसऱ्याला डाव्या. झालं, नावं पडली. पगाराच्या पावतीवर काहीही असो, कँटीनवाल्यापासून थेट संचालकांपर्यंत सगळे त्यांना उजव्या आणि डाव्याच म्हणत. उजव्याच्या लग्नात त्याच्या सासूने व्याह्यांना विचारलं होतं, "मुलाच्या एका हाताला काही आहे का हो? सगळे त्याला असं का हाक मारतात?"

काम असं. भट्टीत मऊ केलेली गरम क्ले फोमच्या सांगाड्यावर थापायची. गार झाली की दातेरी पात्याने खरवडायची, मग सपाट पात्याने, मग आणखी पातळ. पाती दोघांनी स्वतः घडवलेली, घड्याळाच्या जुन्या स्प्रिंगांची. शेवटी पात्याचं काम संपतं आणि हाताचं सुरू होतं. तळवा पसरून, डोळे मिटून, एकाच दमात पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत चालत जायचं. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट बोटांना लागते. दोघं आपापल्या बाजूने असे चालत निघाले की नवा आलेला माणूस हसू दाबायचा. दोन म्हातारी माणसं गाडीची पाठ थोपटून तिला झोपवतायत असं दिसायचं ते.

आणि एक नियम होता, पहिल्या दिवसापासूनचा. आपल्या बाजूवरून शेवटचा हात आपण फिरवायचा नाही, दुसऱ्याने फिरवायचा. आपल्या पोराचं नाक वाकडं आहे हे बापाला दिसत नाही, म्हणून. दुसऱ्याने सही केल्याशिवाय मोठी हॉलबाहेर जात नसे.

पहिली मोठी म्हणजे आडवं पाडून चाकं लावलेलं कपाट. सगळ्या कडा काटकोनात, छप्पर उंच. तेव्हाचा डिझायनर म्हणायचा, "ज्यांना मान वाकवायची सवय नाही, त्यांच्यासाठी करतोय आपण." दुसरी गोल झाली, वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या साबणाच्या वडीसारखी. वारा अंगावरून निसटावा म्हणून. तिसरीच्या वेळी कोणीतरी सर्वेक्षण केलं आणि कळलं की मालक गाडी चालवतच नाहीत, मागे बसतात. मग मागचं दार वीतभर लांबलं आणि त्या लांब दारावरून एक रेघ गेली, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत. खांद्याची रेघ. ती कागदावर डिझायनरने काढली, पण दारावर ती जिवंत केली उजव्याने. अकरा महिने लागले. ती गाडी रस्त्यावर आली तेव्हा तो बायकोला घेऊन एका बँकेच्या दारात अर्धा तास उभा राहिला, कारण तिथे एक मोठी रोज थांबायची.

"हे बघ," तो म्हणाला होता. "ही रेघ."

"दिसली. पण आत बसलेल्यांना ती दिसतच नाही की!"

चौथीला सगळं बदललं. पुढची जाळी रुंद होत होत जबड्यासारखी झाली, दिवे बारीक झाले, आणि हॉलमध्ये मोजणी करणारं यंत्र आलं. यंत्र म्हणालं, अर्धीच गाडी पुरे. एक बाजू घडवा, मी मोजतो आणि आरशात पाहावी तशी उलटी करून दुसरी बाजू देतो. कोणाची बाजू घ्यायची? रेघ उजव्याची, म्हणून उजवी घेतली. डाव्याच्या बाजूला नुसता उघडा फोम राहिला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला खरवडायला स्वतःचं काही नव्हतं. तो उजव्याच्या हाताखाली राबला, क्ले गरम करून दिली, खाली पडलेल्या साली झाडल्या. तोंडातून ब्र काढला नाही. आणि शेवटी नियमाप्रमाणे त्याने हात फिरवला, तेव्हा ती बोलाचाली झाली.

डाव्याचा हात बरोबर होता. उजव्याचीच बोटं गेली होती.

एका दिवसात नाही गेली. आधी शर्टाची बटणं लागेनात. मग नाणं खिशात आहे की नाही ते बघून ठरवावं लागू लागलं. डॉक्टर म्हणाले, साखर आहे, बरीच वर्षं असणार, पायांची काळजी घ्या. हातांचं त्याने विचारलंच नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

चौथी मोठी बाजारात आली ती दोन वर्षांनी. कॉम्प्युटरवर पत्र्याचे आकार गुळगुळीत करणाऱ्यांना वरून हुकूम होता, मागच्या दाराला हात लावू नका, तिथे कारागिराच्या हातचा जिवंतपणा आहे. त्यांनी लावला नाही. मग काळ्या रंगाच्या गाड्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ट्यूबलाइटखाली उभ्या राहू लागल्या, आणि त्यांच्या चकचकीत दारांवर ट्यूबलाइटची सरळ रेघ हँडलच्या खाली, चार बोटांवर, मोडून दिसू लागली. दोन्ही बाजूंना, अगदी एकाच जागी. आरशाने आपलं काम चोख केलं होतं. लोक विचारू लागले, नवी म्हणून ठोकलेली गाडी दिलीत का? तयार गाड्या कारखान्याच्या मागच्या मैदानात रांगेने उभ्या राहिल्या, पाऊस-धूळ खात.

चौकशी लागली. कागद निघाला. कागदावर सही डाव्याची.

चौकशीच्या दिवशी सकाळी उजव्याच्या बायकोने गॅसवरचं झाकण त्याच्या हातून ओढून घेतलं.

"अहो, चटका बसतोय! कळत नाही?"

"कळलं."

"काय कळलं? फोड आलाय टपोरा." तिने त्याचा हात नळाखाली धरला. "हा तिसरा. तुमची बोटं गेली हे मला झाकणांनी सांगितलं, तुम्ही नाही सांगितलंत."

त्याने नळ बंद केला.

"आज सांगणार ना तिथे? भावजींनी तुम्हाला खड्डा दाखवला होता, हे?"

"बघू."

"बघू म्हणजे काय? सिनेमाला जायचंय का? त्यांच्या नोकरीवर आलंय."

"आणि माझ्या? मोठीची पाचवी पिढी उभी आहे हॉलमध्ये. हे कळलं तर मला तिच्या आसपास उभं करतील?"

"नाही करणार," ती म्हणाली. "करूच नये."

नवी मुख्य डिझायनर चाळिशीच्या आतली होती, बोलायला सरळ. तिच्या टेबलापुढे दोन खुर्च्या होत्या. सवयीने एक उजवीकडे बसला, दुसरा डावीकडे.

"काका, सही तुमची," ती डाव्याला म्हणाली. "हात फिरवला होता?"

"फिरवला होता."

"लागलं नाही काही?"

डाव्या शेजारच्या खुर्चीकडे बघत राहिला. तिने त्याच्या नजरेमागे नजर नेली.

"उजवेकाका, तुम्ही होता तिथे. हे काही बोलले होते? खड्डा आहे, असं काही?"

उजव्याने हाताची मूठ केली. फोड दबला असणार. लागलं नाही.

"नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"इतकी वर्षं बरोबर काढलीत आम्ही. बोलला असता तर मी ऐकलं नसतं का?"

तिने लिहून घेतलं. मग डाव्याला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"सही माझीच आहे," डाव्या म्हणाला.

"मग उद्यापासून तुम्ही हॉलमध्ये येऊ नका. बाकीचं पत्राने कळेल." तिने कागद बाजूला सारला. "वाईट वाटतंय मला."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा होता. डाव्या फळीवरून आपली पाती काढून एकेक कापडात गुंडाळून पेटीत ठेवत होता. पाचवी मोठी मधे उभी होती. तिला दिवे म्हणून नुसती एक लांब फट होती, हँडलं नव्हतीच. यंत्राने कोरून दिलेली, हाताला शेवटचे चार दिवस मिळायचे तेवढे.

"आत का नाही बोललास?" उजव्याने विचारलं.

डाव्या गुंडाळत राहिला.

"तुला लागला होता खड्डा. तू म्हणाला होतास. मग बोलायचं ना! मी नाही म्हटलं म्हणून काय झालं? मला खोटं पाडायचंस."

"ये इकडे," डाव्या म्हणाला.

"काय?"

"मागच्या दारापाशी ये. डोळे मीट."

"हा काय पोरखेळ..."

"मीट म्हणतो ना."

उजव्याने डोळे मिटले. त्याला पात्याचा आवाज आला, कोरडा, लांबट. एकदा. दोनदा. मग फुंकर.

"हं. एक खड्डा केलाय. त्याच्यापेक्षा मोठा. कुठे आहे, सांग."

उजव्याने तळवा पसरून दारावर ठेवला. पुढे नेला. खाली क्ले होती एवढं त्याला माहीत होतं, कारण हात पुढे जाताना खांद्याला थोडा अडत होता. बोटांच्या जागी जणू कोणी जाड मोजे चढवले होते. तो दाराच्या कडेपर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला. कपाळावरचा घाम भुवईत उतरला, तो मात्र त्याला बरोबर लागला. आवाज कुठून आला होता? मागून. चाकाच्या कमानीकडून असणार. आणि डाव्याचे पाय? ते तर पुढे वाजले होते.

"इथे," शेवटी तो म्हणाला, आणि हात तिथेच दाबून धरला.

पेटीची कडी लागल्याचा आवाज झाला.

उजव्याने डोळे उघडले. दारभर एकसारखा तपकिरी रंग, एकसारखे बारीक ओरखडे. त्याने मान वाकडी करून प्रकाशात बघायचा प्रयत्न केला. काही दिसेना.

"बरोबर ना?"

डाव्याने पेटी काखेत मारली.

"अरे, हो तरी म्हण, नाही तरी म्हण! उद्यापासून मी कोणाला विचारू?"

हॉलचं दार ढकलून डाव्या बाहेर पडला. उजव्याने दारावरचा हात काढला नाही. काढला असता तर ती जागा त्याला पुन्हा सापडली नसती.