मोठ्या आईची हिरवी बाटली

सुपारी फोडायला अडकित्ता लागतो, हे मला फार उशिरा कळलं. आमची मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांची वहिनी, ती दातांनीच फोडायची. लाखांदूरकडच्या आमच्या गावात भाताच्या रोवणीला तिच्याआधी गाणं उचलायची कुणाची टाप नव्हती.

रोवणीआधी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गुडाखूची डबी फिरायची. तंबाखू-गुळाचा तो काळा लगदा बाया बोटानं हिरड्यांवर घासायच्या. मोठी आई सगळ्यांत जास्त वेळ. थुंकी रक्तानं लाल पडायची. मी काळजी केली की म्हणायची, "दुखत नाही ना? मंग कायले भेवाचं?"

पुढे तोंडाला वास येऊ लागला. नातू मांडीवर बसेना, तेव्हा मात्र तिला लागलं. भंडाऱ्याच्या दातांच्या डॉक्टरनं सांगितलं, दातांवरचा थर साचून दगड झालाय, तो खरवडून काढावाच लागेल, हिरड्या दात सोडत चालल्यात. सोबत गुळण्यांच्या औषधाची हिरवी बाटली लिहून दिली, तीही सफाईनंतर थोडे दिवसच. मोठी आई सफाईला बसलीच नाही. किटणानंच दात धरून ठेवलेत, ते काढलं की दात हलतात, यावर गावातल्या समस्त बायांचं एकमत होतं. बाटली तेवढी घरी आली.

वास गेला, नातू परत मांडीवर आला. झालं! आधी गुडाखू, मग गुळणी, असा नेमच बसला. अगं, हे वरवरचं धुणं आहे, आत सडतंय, असं मी कानीकपाळी ओरडलो. ती हसली. हसताना उघडी पडलेली दातांची मुळं दिसली.

त्याच वर्षीच्या रोवणीत रोपांच्या पेंडीची गाठ दातांनी सोडताना समोरचा दात गाठीबरोबरच निघाला. तिनं तो चिखलात टाकला, गाणं उचललं. शब्दांतून नुसती हवा गेली. बाया खाली मान घालून रोवत राहिल्या. पुढच्या रोवणीपर्यंत समोरचे सगळेच गेले. मोठी आई तोंडाला पदर लावून धुऱ्यावर बसली होती आणि गाणं दुसरीच कुणी उचलत होती. "माहं गानं गेलं रे बापू," एवढंच म्हणाली. मला रडू आलं.

मोठी आई जाऊन बरीच वर्षं झाली. आज सकाळी तुमसरच्या घरी दात घासताना बेसिनमध्ये लाल दिसलं. आरशाखाली तशीच हिरवी बाटली आहे, बायकोनं आणलेली. हात तिच्याकडे गेला आणि तिथंच थांबला. एकेक हिरडी दाबून पाहिली. कुठंच दुखत नव्हतं. दुखलं असतं, तर एवढा भ्यालो नसतो.